एका छताखालच्या दोन कंपन्या

"रात्री जेवताना तुम्ही दोघं काय बोलता?" श्रावणीने विचारलं.

प्रभाताईंना प्रश्न जरा खासगी वाटला. पण मुलगी प्रांत सरकारची तपासनीस होती, आणि कॅनडातल्या रेजिना शहराच्या उणे तीस थंडीत तेवढंच विचारायला आली होती.

"भाजीबद्दल. मीठ कमी असतं म्हणतात."

प्रकरण तसं साधं. दीनानाथ क्रेडिट युनियनचे, म्हणजे तिथल्या पतपेढीचे मॅनेजर, आणि त्याच युनियनच्या मालकीच्या विमा कंपनीच्या मॅनेजर प्रभाताई, म्हणजे त्यांची बायको. इमारत एक, दारं दोन, मधे कायद्याने घातलेली भिंत. कर्जदारांची माहिती विमा विकायला भिंतीपलीकडे जायची नाही. दीनानाथ ती घरी बायकोला पुरवतात, अशी कुणा बाहेरच्या विमा एजंटाने तक्रार ठोकली होती. खरी निघाली तर विमा कंपनीचं लायसन्स जाणार, आणि सोबत तिथल्या पोरींच्या नोकऱ्याही.

"काकू, खरं सांगा. कोण कर्ज काढतंय हे कधीच कळत नाही?"

"अगं, माझ्या सख्ख्या भाच्याने ह्यांच्याकडून कर्ज काढून घर घेतलं. मला वास्तुशांतीच्या आमंत्रणावरून कळलं. आठवडाभर अबोला धरला मी. तो ह्यांच्या लक्षात आला की नाही, तेही कळलं नाही!"

श्रावणी खळखळून हसली आणि हसता हसता बोलून गेली, "जाऊ दे, काकू. आता तर प्रश्नच मिटला. नवरा-बायको दोन्हीकडे मॅनेजर नकोत असा आमचा नवा नियम आला, तेव्हा काकांनीच महिनाअखेरचा राजीनामा दिला ना. तिची कंपनी तिच्याकडेच राहू दे म्हणाले."

प्रभाताईंचा चेहरा पाहून ती थांबली. "त्यांनी... सांगितलं नाही तुम्हाला?"

"कसं सांगतील? क्रेडिट युनियनची माहिती ती." प्रभाताई चष्मा पुसत बसल्या. काच काही लवकर स्वच्छ होईना. "मग? तक्रारीचं काय लिहिणार?"

"तथ्य नाही असं." श्रावणीने मान खाली घातली. "माहिती फुटली ती आत्ताच, काकू. आमच्याकडून."

संध्याकाळी दीनानाथांच्या पानात पुरणपोळी पडली, वर तुपाची धार.

"ऐन मंगळवारी पुरण? आज काय विशेष?"

"आमच्या कंपनीची अंतर्गत बाब आहे," प्रभाताई दुसरी पोळी वाढत म्हणाल्या. "तुम्हाला सांगता येणार नाही."