केतकीची बनियन

दोरीवरचे कपडे काढताना केतकीला तिच्या जास्तीच्या, तब्येत तपासून स्पीकरला कळवणाऱ्या बनियनवर तांबूस डाग दिसला. फक्त उजव्या बाजूला, आणि धुऊनही न गेलेला. ही बनियन तिने कित्येक दिवसांत घातलीच नव्हती.

"आई, ही तुम्ही घालता?"

तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिल्या. "माझी घातली की भिंतीवरचा स्पीकर सगळ्यांसमोर बोलतो गं. 'द्वारकाबाई, उजव्या स्तनातून आपोआप रक्तासारखं येतंय, डॉक्टरांना दाखवा.' माझा शिरीष जेवत होता, त्याचे मामा समोर बसलेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तुझी घातली की म्हणतो, 'केतकी, दूध येतंय, काळजी नको.'"

"अहो, ते मला म्हणतो! ही बनियन माझ्या नावावर आहे, मी बाळाला पाजते म्हणून काहीही आलं तरी तो दूधच समजतो."

"कळतं गं मला. पण ऐकून बरं वाटायचं."

"कधीपासून चाललंय हे?"

"तू बाळंत होऊन घरी आलीस ना, तेव्हापासून."

बाळ रांगत रांगत आलं आणि आजीचा पदर ओढू लागलं.

केतकीने कपाटाच्या तळातून सासूबाईंची स्वतःची बनियन काढली, हात धरून त्यांना घालायला लावली आणि बटणं लावली. या वेळी स्पीकरने डॉक्टरांचं नाव काढलंच नाही.

"द्वारकाबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "घरातल्या सगळ्यांना बोलावून घ्या."