उशिराच्या नोंदी

या, जरा जवळ सरकून बसा. मरणं मोजणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण मन इथे ठेवा.

"ताई, कचेरीत जाऊन आलीस का?" धाकटा भाऊ फोनवर विचारत होता.

"उद्या जाते रे. आज श्वास घ्यायला फुरसत नाही."

"कालही उद्याच म्हणालीस."

ताईने फोन पालथा ठेवला. साथीचे दिवस होते. एरवी वर्षाला साधारण जितकी माणसं जातात, त्याहून यंदा कुठल्या देशात किती जास्त गेली, मग कारण कुठलंही असो, हे काढायचं तिचं काम. संध्याकाळी आकडे वर पाठवायचे होते. आपल्या देशाचा आकडा उतरलेला दिसला, की साथीसाठी उघडलेली जादा रुग्णालयं बंद होणार होती. आणि आकडा उतरला होता. तरी ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठायची, पाणी प्यायची, खिडकी उघडायची, परत लावायची.

शेवटच्या आठवड्यांचे आकडे मोठे लबाड. माणूस आज जातं, घरचे नोंदवतात सवडीने. म्हणून प्रत्येक देशाच्या आकड्यात उशिराच्या नोंदींची अंदाजाने भर घालावी लागते. सकाळीच तिने दुसऱ्या देशातल्या म्हाताऱ्या नोंदणी अधिकाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं होतं, "काका, तुमच्याकडे माणसं जायची थांबलीत, की नोंदवायची?"

काका हसले नाहीत. "बाई, नोंद केली की माणूस खरंच गेलं. मन धजावत नाही कुणाचं."

त्यांच्या आकड्यात ताईने घसघशीत भर घातली.

आता साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अगं, आपल्याच रकान्यापाशी काय अडून बसलीस? भर शून्य टाक आणि मोकळी हो. आपली माणसं शिस्तीची, दोन दिवसांत नोंद करतात."

"नाही करत, साहेब."

"पुरावा?"

ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"माझी आई. साथीने नाही, छातीत कळ आली. गाडी बोलावली, ती आलीच नाही. महिना होत आला. भाऊ रोज नोंदीची आठवण करून देतो आणि मी रोज उद्यावर ढकलते. मी, साहेब! माझंच पोट या नोंदींवर चालतं. मग बाकीच्या घरांचं काय?"

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली. मग हळूच म्हणाले, "किती धरायची भर?"

देवाच्या दरबारी कुणी मोजायचं राहत नाही म्हणतात. आपल्या दरबारी राहतं, मायबापहो. तेव्हा आज निजताना देवाचं नाव घ्याल, तर ताईच्या आईलाही आठवा. ती अजून कुठल्याच आकड्यात नाही.