एकच रकाना

“त्या कागदावर सही करू नका!” ताई दार ढकलून ओरडल्या.

समितीचे तिघे दचकले. बावीस वर्षं प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळणारी ही बाई बैठकीत कधी तोंड उघडत नसे. टेबलावर पीएचडीची विद्यार्थिनी बारकी हिचं संशोधन रद्द करायचा ठराव होता. बारकी बाहेर बाकावर बसली होती. तिच्या चार वर्षांच्या मेहनतीचं पाणी व्हायला एक सही बाकी होती.

“तिची काच नापास नाही,” ताई धापा टाकत म्हणाल्या.

नखाएवढ्या काचेत बारकीने प्रकाशासाठी शेजारी-शेजारी दोन वाटा कोरल्या होत्या. एकीवर प्रकाश गिळणारा धातूचा पापुद्रा. वाटांची मापं नेमकी जुळली, की एका बिंदूवर प्रकाशाची दोन रूपं एकच होऊन बसतात. तिच्या वाटांची मापं हळूहळू बदलत त्या बिंदूला वळसा घालत. वळसा कोणत्या बाजूने पडला, म्हणजे प्रकाश कोणत्या टोकातून शिरला, त्यावरच बाहेर काय येणार ते ठरतं, असं ती म्हणायची. आत काय सोडलं, त्याला विचारतो कोण! आता समितीत बसलेले विभागप्रमुख सर तेव्हा हसले होते. “गळका नळ बसवून पाणी वाढवणार वाटतं ही!”

“आज सरासरी काढणारा संगणक बंद पडला,” ताई म्हणाल्या. “म्हणून दोन्ही टोकांची मोजणी वेगवेगळी लिहिली. डावीकडून प्रकाश सोडला की बाहेर एक ठिपका. उजवीकडून सोडला की दोन. आत काहीही पाठवा, हेच! दहादा पाहिलं.”

“मग चार वर्षं कसं दिसलं नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“दिसेल कसं? प्रकाशाला जाणं-येणं सारखंच, म्हणे. म्हणून दोन्ही टोकांची सरासरी काढायची, हा सरांचा नियम. एक ठिपका आणि दोन ठिपके कालवले की उरतो चिखल. त्या चिखलावरून पोरीला नालायक ठरवलंत!”

सर शांतपणे उठले. मोजणीच्या तक्त्यांची फाईल घेऊन त्यांनी ताईंना खिडकीशी नेलं.

“नियम माझा,” ते हळूच म्हणाले. “पण प्रत्येक तक्त्याखाली ‘तपासलं’ म्हणून सही कोणाची आहे? निवृत्तीला आठ महिने राहिलेत, ताई. कशाला चौकशी ओढवून घेता? प्रकाश काही पोलिसांत जाणार नाही.”

ताईंनी पान उलटलं. सही त्यांचीच. पुढचं पान उलटलं. तिथेही त्यांचीच. एकदा पोरगी गयावया करत म्हणाली होती, “ताई, टोकं वेगळी लिहून द्या ना.” आणि मान वरही न करता त्या म्हणाल्या होत्या, “रकाना एकच आहे गं.”

ज्या रागाने त्यांनी दार ढकललं होतं, तो आता त्यांच्याकडेच वळला.

मग त्यांनी फाईल सरांच्या हातातून ओढून घेतली आणि अध्यक्षांपुढे उघडी ठेवली.

“नालायक कोण, ते यात लिहिलंय. खाली सही माझी आहे. आता पोरीला आत बोलवा.”