सुकांतीच्या फोनमधलं पुस्तक

"फोनमध्ये बघून सांग," सरपंच भ्रमरबर जेना म्हणाले. "मनाचं काही नको."

सुकांतीने फोन स्वतःकडे वळवला आणि अंगठा वर-खाली फिरवत राहिली. वादळाला तीन दिवस झाले होते. निवारा केंद्रात दोनशे माणसं, खाली कंबरभर खारं पाणी, मोबाइलचा टॉवर आडवा. कुंतलाच्या दोन वर्षांच्या मुलीचे जुलाब थांबत नव्हते. डोळे खोल गेले होते.

"एक लिटर उकळून गार केलेलं पाणी," सुकांती सावकाश म्हणाली. "सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्याचमच्याने पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा."

लगेच चूल पेटली.

सुकांती शाळेत भात रांधायची. वर्षभर ती बांधावर, जिथे रेंज मिळे तिथे बसून औषधोपचाराच्या एका पुस्तकाची पानं फोनमध्ये उतरवून घेत होती आणि घरी ती पुन्हा पुन्हा वाचत होती. जेनाबाबू तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवत, आधी भात करपवू नकोस म्हणत. आता बॅटरी संपेल, उगाच काही विचारू नका, असं तेच सगळ्यांना दटावत होते.

दुपारी म्हाताऱ्या नटबरला साप चावला. लोक दोरी आवळायला निघाले. सुकांतीने फोन पाहिला आणि त्यांना थांबवलं. आवळायचं नाही, कापायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही. पहिल्या होडीने दवाखाना. कुणीतरी कानातल्या ठणक्याचं विचारलं, तेव्हा तिने बराच वेळ शोधून यात नाही म्हणून सांगितलं.

तासाभरात होडी आली. तिच्यातून उतरलेल्या डॉक्टर लोपामुद्रांनी नटबरला तिच्यात चढवून लगेच रवाना केलं, मग मुलीला तपासलं. तिला लघवी झाली होती, ती स्वतःहून पाणी मागत होती. हे कुणी सांगितलं, डॉक्टरांनी विचारलं.

"फोनने," जेनाबाबू अभिमानाने म्हणाले आणि आणखी एक चूल पेटवायला निघून गेले.

डॉक्टरांना ते पुस्तक बघायचं होतं. बाकीच्या गावांनाही देता आलं असतं. सुकांतीने जरा घुटमळून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं, दाबून धरलं. मग मागचं झाकण काढलं. तळहातावर चिखलाचं पाणी सांडलं.

"हा बंद कधी पडला?"

जेनाबाबू लांब गेलेत ना, हे सुकांतीने एकदा वळून पाहिलं.

"पहिल्याच दिवशी. इकडे येताना, पाण्यात."