चार फुटांचं यार्ड

"चार फूट. त्याच्यावर एक इंचही नाही," क्लिफर्ड गारसाइड म्हणाला आणि जुन्या वॉलपेपरच्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली. "मधोमध बिजागऱ्या. दुमडलं की काखोटीला मारायचं आणि बसमध्ये चढायचं. माझा एक पाय खरा, एक खोटा. याहून जड मला झेपायचं नाही."

विल्फ ऑग्डेन खुर्चीत श्वास गोळा करत बसला होता. फुप्फुसांनी दगा दिल्यापासून वृद्धाश्रमातल्या आपल्या खोलीबाहेर तो फारसा पडत नव्हता. क्लिफर्ड मात्र दर मंगळवारी यायचा, फ्रूट केक आणि त्यावर ठेवायला चीजचा तुकडा घेऊन. आता त्यानं मित्रासाठी एवढंसं खेळण्यातलं रेल्वे यार्ड बांधायचं मनावर घेतलं होतं.

"रूळ तीन," तो सांगू लागला. "एकावर पाच वाघिणी मावतील, बाकी दोन्हींवर तीन-तीन. गाडी या रुळावरून त्या रुळावर वळवायला सांधे दोन. इंजिनाला मागं सरायला जागा फक्त तीन वाघिणींपुरती. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या. त्यातल्या पाच उचलायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. डोक्याचा भुगा होतो बघ."

"मागं थोडी जास्त जागा ठेव की."

"मग कोडं कसलं राहिलं, लेका? जागा नाही हीच तर गंमत."

"आणि यार्ड कुठलं?"

"हॉलोबेक. आपलंच."

विल्फचा चेहरा उतरला. "दुसरं काहीतरी घे ना. एखादं बंदर, दुधाचा कारखाना…"

"अरे जा! तिथं तू मला वाचवलंस, आणि मी दुधाचा कारखाना बांधू?"

पन्नास वर्षांपूर्वी दोघं हॉलोबेकच्या यार्डात शंटिंगवर, वाघिणी जोडण्या-सोडण्याच्या कामावर होते. एका सकाळी सुटलेल्या वाघिणी भलत्याच रुळावर आल्या आणि क्लिफर्ड दोन वाघिणींच्या बफरांच्या मधे सापडला. विल्फनं चालत्या चाकांपाशी झेप घेऊन त्याला ओढून काढलं. पाय गेला, जीव राहिला.

तेव्हापासून क्लिफर्डनं आभार मानायची एकही संधी सोडली नव्हती. मुलीच्या लग्नात तर भर पंगतीत उठून म्हणाला होता, "हा विल्फ नसता तर नवरीच जन्माला आली नसती." विल्फ अशा वेळी खाली मान घालून बशीकडे बघत राही. लोक म्हणत, काय साधा माणूस!

काम दोन महिने चाललं. आराखड्यात एक रूळ अर्ध्या इंचानं तोकडा पडत होता, ते विल्फच्याच नजरेला आलं. मग तोही पट्टी घेऊन बसू लागला. रूळ कुठं वळवायचा, कोळशाचा ढीग कुठं करायचा, यावर दोघं तावातावानं भांडायचे. नर्स म्हणायची, "मंगळवारी यांना औषध कमी लागतं."

यार्ड तयार झालं तेव्हा क्लिफर्डनं ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवं ठेवलं. विल्फनं पाच चिठ्ठ्या उचलल्या. पुढं, मागं, एक वाघीण सोड, दोन उचल. अर्ध्या तासानं पाचही वाघिणी ओळीत उभ्या राहिल्या आणि विल्फ मोठ्यानं हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"क्लिफ, फार उपकार झाले रे तुझे."

"उपकार? आणि माझे?" क्लिफर्डचे डोळे भरून आले. "तुझं देणं या जन्मी फिटायचं नाही, बाबा."

विल्फचं हसू मावळलं. त्यानं इंजिनावरचा हात काढून घेतला.

"थांब. आज मला बोलू दे," तो म्हणाला. "त्या दिवशी सांधा मी फिरवला होता. घाईत चुकीचा फिरवला. त्या वाघिणी मीच तुझ्या अंगावर घातल्या, क्लिफ. चौकशीत सांधा अडकला होता असं ठरलं, मी सुटलो आणि गप्प बसलो. पन्नास वर्षं तुझा केक खात आलो."

क्लिफर्ड चिठ्ठ्या पिसत राहिला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "मी समोरच तर होतो. तुझा हात दिसला. आणि मग चाकांकडं धावत येणारा तूही दिसलास."

विल्फला धाप लागली. "मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"बोललो की," क्लिफर्ड म्हणाला. "सांधा अडकला होता, हे त्यांना दुसरं कोण सांगणार?"