धुराड्याची तपासणी

"नवा बर्नर बसवून द्या, बाकी काही विचारू नका," मुलगा फिटरला म्हणाला. "उद्या आईला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवायचंय. परवा भाडेकरू येतोय."

आई तिथेच, गॅसच्या हीटरसमोरच्या खुर्चीत बसली होती. तिच्यादेखत बोलला मेला! फिटर तिच्याकडे वळला.

"काय होतंय आई तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? हे वर गच्चीत फिरतात, ते ऐकू येतं. एवढंच."

"बाबांना जाऊन वर्ष झालं," मुलगा हळूच म्हणाला. "रोजचंच आहे. डोकं दुखतं म्हणते, मग हे भास."

डोकं दुखतं म्हटल्यावर फिटरनं कान टवकारले. त्यानं जुना बर्नर काढला, तर तो काजळीनं पार माखलेला.

"धूर बाहेर जातच नाहीये, खोलीत कोंडतोय. असल्या हवेत मलासुद्धा भुतं दिसतील! आधी धुराडं तपासू. मी खालून चिंधी धुमसवतो, तुम्ही गच्चीतून बघा. धूर आला की पाइपवर ठोका."

"बघतो," म्हणत मुलगा बाहेर पडला.

फिटरनं नवा बर्नर जोडला, जोडांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही. मग गॅस बंद करून त्यानं चिंधी धुमसवली, आणि धूर भसकन त्याच्याच तोंडावर आला.

"अरे, आधी खिडकी उघड!" धुराड्यातून घोगरा आवाज आला. "इथं घरटं अडकलंय. थांब जरा."

घ्या! खाली अहो-जाहो करणारा माणूस वर गेल्यावर एकदम अरे-तुरेवर आला. आईनं लगबगीनं खिडकी उघडली आणि विस्कटलेले केस हातानं सारखे केले.

वर बराच वेळ खरवडल्याचा आवाज येत राहिला. काड्या, पिसं, काजळी भदाभदा खाली पडली. धूर सरळ वर ओढला गेला. पाइपवर ठकठक झालं.

"आला!"

"तुमचे चिरंजीव खेकसतात फार," फिटर हसला.

"सवयच आहे," आई गालातल्या गालात हसली.

बर्नर पेटला. ज्योत स्वच्छ निळी. फिटरला मनापासून बरं वाटलं. एक भलं माणूस वेड्यांत जाता जाता वाचलं होतं.

मुलगा धापा टाकत दारात आला.

"आईंना कुठं पाठवू नका हो," फिटर म्हणाला. "वेड नाही न काही नाही. हवा वाईट होती, त्यामुळंच ते पावलांचे भास व्हायचे."

मुलानं खाली पडलेलं घरटं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. "खरंच? देवासारखे धावून आलात हो!" मग ओशाळून त्यानं खिशातून किल्ली काढली. "तुमचा मात्र खोळंबा झाला. बाबा गेल्यापासून गच्चीला कुलूप आहे, किल्ली ताईकडे होती, ती आणायला गेलो होतो. आता जाऊ का वर?"