एकोणीस नंबरच्या बाई

न्यायाधीश मारित हाल्व्हरसन यांनी ज्युरीसाठी बोलावलेल्या चाळीस जणांना नेहमीचा प्रश्न विचारला. इथल्या कोणाला ओळखता का?

एकोणीस नंबरच्या म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. "तुला ओळखते."

शिपाई कानाशी पुटपुटला, युअर ऑनर म्हणा.

"कशी ओळख?" न्यायाधीशांनी विचारलं. विचारणं भागच होतं.

"मी तुला जन्म दिला, युअर ऑनर."

सिग्नेबाई स्कोबी गावाहून पाच-सहा तासांचा प्रवास करून आल्या होत्या. मतदारयादीतून नावं निघतात, त्यात त्यांचं निघालं होतं. सत्तरीपुढच्यांनी नुसतं नको म्हणून कळवलं तरी सुटका होते. त्यांनी उलट टपाली येते म्हणून कळवलं. सकाळी लिफ्टपाशी मायलेकी समोरासमोर आल्या, दीड वर्षानंतर. पण आईच्या छातीवर ज्युरीचा बिल्ला होता, आणि बिल्लेवाल्यांशी न्यायाधीशाने बोलायचं नसतं. लेक मान लववून पुढे गेली.

खटला सरकारी माळावरून डायनासोरचं हाड पळवल्याचा होता. निःपक्षपाती राहाल का, असं विचारल्यावर सिग्नेबाई म्हणाल्या, का नाही, हिचं चुकलं तर हिलाही सोडलं नाही कधी. सरकारी वकिलांनी हरकत नसल्याचं सांगितलं. आरोपीच्या वकिलांना तर त्या हव्याच होत्या. आरोपीनेही मान डोलावली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "नको म्हणून कळवता आलं असतं. मग का आलात?"

"फोन केला की तुझा कारकून सांगतो, कोर्ट चालू आहे. म्हटलं, चालू असतानाच जावं. इथे मी बोलले की तुला ऐकावं लागतं."

मग न्यायाधीशांनी आणखी प्रश्न विचारले. गुडघा कसा आहे. गोळ्या वेळेवर घेता का. जिना कोण झाडतं. यातला एकही छापील यादीत नव्हता. वकिलांपैकी कोणी हरकत घेतली नाही.

शेवटी त्यांनी एकोणीस नंबरला ज्युरीतून मोकळं केलं. "बिल्ला काढा आणि माझ्या खोलीत बसा. एक वाजता जेवू."

पुढची पाळी वीस नंबरची. मांडीवर हॅट धरलेले म्हातारे गृहस्थ बिचकत उभे राहिले.

"युअर ऑनर, माझी मुलगी डेन्व्हरला असते. तिला समन्स धाडता येईल का?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"डेन्व्हर आमच्या हद्दीत येत नाही हो," त्या हळू म्हणाल्या.